अळणी

डॉक्टरांचं आडनाव उळ्ळागड्डी.
कानडीत उळ्ळागड्डी म्हणजे कांदा,
आणि त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली ती ही, की
कांदा नको.
मी हसलो. ते हसले नाहीत.
हा विनोद त्यांना रोज सोसावा लागत असणार.

लसूण नको. शिजवलेलं हाड तर नकोच नको.
कुंदा नको, ते म्हणाले,
मी विचारलंही नव्हतं.
मी खाली फरशीकडं बघितलं,
करियानंही बघितलं.
'उप्पु ब्याड.'
मला कळलं नसेल वाटून मग मराठीत,
'मीठ अजिबात नको. किडनी थकल्या त्याच्या.'

वडगावात आमच्या गल्लीत
साडेसातला माग सुरू होतात.
त्याच्या आधी मी पातेलं चढवतो.
खानापूरच्या तांदळाची कणी, तीन पाण्यांनी धुतलेली.
तांबड्या भोपळ्याची साल काढलेली फोड.
चिकन जरासंच, मोजून.
दादापीर आधी गळ्याचे तुकडे फुकट द्यायचा,
आता मी छातीचा भाग मागतो, पैसे देतो.
'पावणे आले काय, मामा?'
'पावणे न्हवंत. घरचाच हाय.'

अंड्याचं टरफल उन्हात वाळवायचं,
खलात कुटायचं, फडक्यातून गाळायचं.
फडकं म्हणजे माझ्याच मागावरचं,
पदर चुकला म्हणून कापून टाकलेलं हातभर कापड.
त्यातून पांढरी पूड पडते,
इतकी बारीक की फुंकर जपून घालावी.

सोळाव्या वर्षी मागावर बसलो,
बासष्टाव्या वर्षी गॅसपुढं उभा राहिलो.
कणी दोन बोटांत दाबून बघतो,
सुताचा पीळ बघावा तशी.
हात आपोआप मिठाच्या बरणीकडं जातो.
झाकणापाशी थांबतो.
परत येतो.

पहिल्या दिवशी करियानं ताटलीचा वास घेतला,
माझ्याकडं बघितलं,
आतली खरी गोष्ट मी खिशात लपवलीय अशा नजरेनं,
आणि जाऊन मागाखाली झोपला.
दुसऱ्या दिवशी भोपळा तेवढा बाजूला काढला.
तिसऱ्या दिवशी लाईट गेली, माग थांबले,
आणि त्या एकदमच्या शांततेत
मला लपलप ऐकू आली.

खाल्ल्या मिठाला जागतो म्हणतात कुत्रं.
याचं तर मीठच सुटलं.
तरी रात्री दोनला फाटक वाजलं की
मागचा पाय ओढत उठतो,
एकदा भुंकतो, थकतो,
दुसरं भुंकणं घशातच ठेवून
दारापाशी उभा राहतो.
कशाला जागतो हा?
भोपळ्याला?

मालू हे सगळं उंबऱ्यातून बघते.
'चाळीस वर्सात,' म्हणाली,
'माझ्यासाठी चहा तरी टाकलासा?'
मी पातेलं ढवळत राहिलो.
उत्तर नव्हतं, म्हणून जरा जास्तच ढवळलं,
खाली लागायचं नव्हतं तरी.

मग काल
तिनं चमचा घेतला, पातेल्यातला एक घास
फुंकून तोंडात टाकला.
'अळणी हाय,' म्हणाली.
'पण शिजलंय बरोबर.'

तेव्हा आठवलं.
दोन वर्षांपूर्वी सिव्हिलमधल्या डॉक्टरीणबाईंनी
हिलाही सांगितलेलं, मीठ कमी करा, बीपी आहे.
ही म्हणालेली, एकटीसाठी वेगळं कोण शिजवत बसणार.
आणि आम्ही सगळे
जेवत राहिलो होतो.

आज दोन पातेली आहेत.
एकात कणी आणि भोपळा.
दुसऱ्यात मुगाची आमटी, कांदा घातलेली,
लिंबू पिळलेली, मीठ चिमटीच्याही अर्ध्यानं.
कुठलं कुणाचं, झाकणावरून कळत नाही.
करियाला कळतं.
तो दुसऱ्यापाशी बसलाय.
'बा इल्ले,' मी म्हणतो, इकडं ये.
कानडी त्याला चांगली येते.
मान वळवतो,
शेपूट दोनदा आपटतो,
उठत मात्र नाही.